लोकांनी उभारलेली वाढ आणि तिचे नियमन : भिवंडीचा धडा, आभासी नगरींची साक्ष

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे नगर कोणा एका नियोजनकाराने आखून वसविलेले नाही. कामवारी नदीच्या काठचे हे जुने व्यापारी गाव. १९७१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ऐंशी हजारांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत ती सात लाखांच्या वर गेली. या वाढीत हद्दीच्या विस्ताराचा काही अंश असला, तरी मुख्य वाटा यंत्रमागाचा आणि त्यामागे आलेल्या माणसांचा आहे. माग लोकांनी आणले, शेड लोकांनी बांधल्या, कामगारांच्या जेवणाची सोय लोकांनी केली आणि मालाची बाजारपेठही लोकांनीच शोधली. रस्ते, गटारे, वीज, पाणी व नियम या गोष्टी मात्र बहुधा मागाहून आल्या.

अशा वाढीला लोकनिर्मित वाढ म्हणता येईल. तिचे नियमन कसे करावे, हा प्रश्न आज महाराष्ट्रातील अनेक नगरपरिषदांपुढे आणि महामार्गालगतच्या शेकडो ग्रामपंचायतींपुढे उभा आहे. वाढ रोखावी, तर रोजगार बुडतो. मोकळी सोडावी, तर जीवित धोक्यात येते. या प्रश्नाचा अभ्यास करताना एका अनपेक्षित क्षेत्राचे साहाय्य होते. ते क्षेत्र म्हणजे संगणकाच्या जाळ्यावर वसविलेल्या आभासी नगरी.

आभासी नगरी म्हणजे काय?

आभासी नगरीत जागा काल्पनिक असते; माणसे मात्र खरी असतात. देशोदेशींचे लोक आपापल्या घरी संगणकापुढे बसतात आणि पडद्यावरील एका सामाईक भूमीत वावरतात. तेथे ते जमीन घेतात, घरे बांधतात, वस्तू तयार करून विकतात. तेथील चलन काही ठिकाणी खऱ्या पैशात बदलून मिळते. नगरी चालविणारी कंपनी भूमी, चलन व मूळ नियम पुरविते. बाकीचे सारे रहिवासी उभारतात.

या नगरींचा प्रशासनाच्या अभ्यासकाला उपयोग असा की, तेथे प्रत्येक व्यवहाराची नोंद आपोआप होते आणि नियम बदलला की त्याचा परिणाम काही आठवड्यांत दिसतो. खऱ्या नगरात जो परिणाम दिसायला वीस वर्षे लागतात, तो तेथे एका ऋतूत दिसतो. खेळ म्हणून सुरू झालेल्या या उपक्रमांनी गेल्या चाळीस वर्षांत स्थानिक कारभाराचे काही प्रयोगच करून दाखविले आहेत.

यांपैकी आरंभीची नगरी ‘हॅबिटॅट’. अमेरिकेतील लुकासफिल्म या कंपनीने १९८६ मध्ये तिचा प्रयोग सुरू केला. तिचे रचनाकार चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी पुढे आपल्या अनुभवांवर एक निबंध लिहिला. प्रत्येक गोष्ट केंद्रातून तपशीलवार आखण्याचा प्रयत्न निष्फळ ठरतो, असा त्याचा एक प्रमुख निष्कर्ष होता. रचनाकारांनी परिश्रमपूर्वक आखलेले कार्यक्रम रहिवासी काही तासांत संपवीत किंवा त्यांकडे दुर्लक्ष करीत, आणि ज्याचा विचारही केलेला नाही, ते स्वतः उभारीत. म्हणून रहिवासी काय करू पाहतात हे आधी पाहावे आणि मग त्यास साहाय्यभूत होणारी साधने द्यावीत, या निर्णयाला ते आले. भिवंडीचा इतिहास पाहिला, तर हेच सूत्र तेथेही लागू पडते.

नियम जसा, वाढ तशी

यंत्रमाग भिवंडीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आले. हातमागावर काम करणारी विणकर कुटुंबे, विशेषतः उत्तर भारतातून आलेला मोमीन समाज, येथे आधीच वसलेला होता. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग स्वस्तात मिळत. ते आणून, दुरुस्त करून विजेवर चालविणे, हे कौशल्य या विणकरांनी आत्मसात केले. पुढे आंध्र व तेलंगणातील पद्मशाली, तसेच उत्तर प्रदेश व बिहारमधील कामगार आले.

मात्र माग किती व कसे वाढले, हे केवळ कौशल्याने ठरले नाही. स्वातंत्र्योत्तर काळात चार मागांपर्यंतच्या लहान घटकांना अबकारी करातून सूट असण्याचा एक टप्पा होता. तेव्हा मोठा कारखाना काढण्यापेक्षा तेच माग चार-चारच्या गटांत निरनिराळ्या नावांवर दाखविणे लाभाचे ठरले. तीच गोष्ट १९४८ च्या कारखाना अधिनियमाची. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की तो तेव्हा लागू होई. म्हणून घटक दहाच्या आत ठेवण्याकडे कल राहिला. यंत्रमाग क्षेत्राच्या चौकशीसाठी नेमलेल्या अशोक मेहता समितीने १९६४ मध्ये अहवाल दिला, तेव्हा हे विखुरलेपण या धंद्याचे लक्षणच बनले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांच्या या दीर्घ संपाने कापडाची मागणी यंत्रमागांकडे वळली आणि भिवंडीत मागांची संख्या झपाट्याने वाढली.

गोदामांची कथाही अशीच आहे. मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत माल नेताना जकात द्यावी लागे. माल मुलुंडच्या नाक्याअलीकडे साठवून गरजेपुरता आत नेणे व्यापाऱ्यांना सोयीचे होते. त्यातून काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडे, माणकोली, वळ अशा गावांतील भातशेतीच्या जागी गोदामे उभी राहिली. मुंबई-नाशिक महामार्ग जवळ, जमीन तुलनेने स्वस्त आणि हमाल-वाहतूकदार उपलब्ध. त्यामुळे हा व्यवसाय वाढतच गेला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. तरीही गोदामे उठून गेली नाहीत. उलट घरपोच विक्री करणाऱ्या कंपन्यांमुळे त्यांना नवे कारण मिळाले. एका नियमाच्या आश्रयाने झालेली वाढ तो नियम गेल्यावरही टिकू शकते, हे यातून ध्यानात येते.

हॅबिटॅटमध्ये याचे लघुरूप एका रात्रीत दिसून आले. त्या नगरीत वस्तू विकणारी आणि वस्तू विकत घेणारी स्वयंचलित यंत्रे होती. गावाच्या एका टोकाच्या यंत्रात बाहुली ७५ नाण्यांना मिळे; दुसऱ्या टोकाचे यंत्र तीच १०० नाण्यांना विकत घेई. स्फटिकगोलाच्या बाबतीत हे दर १८,००० आणि ३०,००० असे होते. काही रहिवाशांच्या हे लक्षात आले. त्यांनी रात्रभर फेऱ्या घातल्या आणि सकाळी नगरीतील एकूण चलन पाचपट झाल्याचे चालकांना आढळले. फेऱ्या घालणाऱ्यांनी कोणताही नियम मोडलेला नव्हता. दोन टोकांना दोन दर ठेवणे ही चालकांची कृती होती. लोकांनी तिचा अर्थ लावला, एवढेच.

जकात नाका आणि ही दोन यंत्रे यांचे तत्त्व एकच आहे. हद्दीच्या दोन बाजूंना दोन दर असले की व्यवहार त्या हद्दीवर गोळा होतो. म्हणून कर, सवलत वा शुल्क ठरविताना ते शेजारच्या हद्दीत किती आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. एका ग्रामपंचायतीने अटी कडक केल्या आणि शेजारच्या ग्रामपंचायतीने ढिल्या ठेवल्या, तर बांधकाम थांबत नाही. ते शिवेपलीकडे सरकते.

कर कशावर बसवावा?

लिंडेन लॅब या अमेरिकन कंपनीची ‘सेकंड लाइफ’ ही आभासी नगरी जून २००३ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. आरंभी तेथे रहिवाशाने उभारलेल्या प्रत्येक वस्तूवर कर होता. जो अधिक बांधील त्याने अधिक भरावे, असा त्यामागील विचार. परंतु सर्वांच्या उपयोगाचे बगीचे, चौक, प्रेक्षणीय इमारती उभारणाऱ्या गटांवरच त्याचा सर्वाधिक भार पडला. त्या उन्हाळ्यात रहिवाशांनी पडद्यावर चहाच्या पेट्यांचे ढीग रचून बोस्टनच्या इतिहासाची आठवण देणारा निषेध केला. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने वस्तूंवरील कर रद्द केला आणि धारण केलेल्या जमिनीच्या प्रमाणात मासिक आकारणी सुरू केली. नोव्हेंबर २००३ मध्ये आणखी एक महत्त्वाचा निर्णय जाहीर झाला. रहिवाशाने निर्माण केलेल्या वस्तूवरील बौद्धिक संपदेचा हक्क त्याचाच राहील, असे कंपनीने मान्य केले. या दोन निर्णयांनंतर तेथे बांधकाम आणि व्यापार यांना मोठी चालना मिळाली.

या प्रयोगातून दोन गोष्टी शिकता येतात. पहिली, स्वतःच्या श्रमाचे फळ स्वतःकडे राहील ही खात्री असल्याशिवाय लोक गुंतवणूक करीत नाहीत. भिवंडीतील लहान मागधारकाने जुना माग विकत घेऊन तो वर्षानुवर्षे चालता ठेवला, तो मालकीच्या याच भावनेने. दुसरी, कराचा आधार असा असावा की उपयुक्त निर्मितीला दंड होऊ नये आणि अडवून ठेवलेल्या साधनाला मोकळीक मिळू नये.

वहनक्षमतेचे गणित

सेकंड लाइफमधील भूमी २५६ मीटर लांब व तितक्याच रुंद अशा चौरसांत विभागलेली आहे. प्रत्येक चौरसाचा भार कंपनीचा संगणक वाहतो. एका चौरसावर आरंभीच्या काळात १५,००० मूलभूत घटक मावत. ५१२ चौरस मीटरचा भूखंड घेणाऱ्याच्या वाट्याला त्यातील ११७ येत. कोणी घर बांधो की दुकान, आपल्या वाट्याच्या पलीकडे त्याला जाता येत नसे. कारण एकाने अतिरेक केला, तर साऱ्या चौरसाची गती मंदावून शेजाऱ्यांना चालणेही अवघड होते.

नगररचनेतील चटई क्षेत्र निर्देशांकाचे तत्त्व याहून वेगळे नाही. भूखंडावर किती बांधावे, हे मालकाच्या ऐपतीवर सोडता येत नाही. तेथील रस्ता, पाणी, मलनिस्सारण, वीज आणि अग्निशमन यांची एकत्रित क्षमता ते ठरविते. फरक असा की, आभासी नगरीत मर्यादा ओलांडण्याचा प्रयत्न यंत्रच हाणून पाडते. गावात ती मर्यादा माणसांनी पाळायची असते आणि ती मोडल्याचे परिणाम वर्षांनंतर दिसतात.

भिवंडीत हे परिणाम दिसले आहेत. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे पटेल कंपाउंड भागातील तीन मजली जिलानी इमारत कोसळली. किमान ३८ जण मृत्युमुखी पडले. ती इमारत १९८४ च्या सुमारास, म्हणजे यंत्रमागाच्या भरभराटीच्या काळात बांधलेली होती. २९ एप्रिल २०२३ रोजी तालुक्यातील वळपाडा येथे गोदाम आणि वर निवासी खोल्या असलेली इमारत कोसळून आठ जणांचा बळी गेला. गोदामांना लागणाऱ्या आगींच्या वार्ताही वारंवार येतात. कामवारी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न अनेक वर्षांचा आहे. वाढ होताना प्रत्येकाने आपापल्या भूखंडाचा हिशेब केला. चौरसाचा हिशेब कोणी केला नाही, असाच याचा अर्थ होतो.

येथे ग्रामपंचायत सदस्यांनी कायद्याचे एक अंग नीट समजून घेणे अगत्याचे आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ अन्वये ग्रामपंचायत इमारतींवर कर बसवू शकते. या कराची आकारणी नमुना ८ च्या नोंदवहीत होते. परंतु कर घेतल्याने बांधकाम अधिकृत होत नाही आणि नमुना ८ मधील नोंद हा मालकीचा निर्णायक पुरावा ठरत नाही. भिवंडीभोवतालच्या सुमारे ६० गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून २००७ मध्ये नियुक्ती झाली. अशा अधिसूचित क्षेत्रात प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे बांधकामाची परवानगी नियोजन प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. घरपट्टीची पावती दाखवून गाळा विकला जातो आणि घेणाऱ्याला तीच परवानगी वाटते, असे घडू नये यासाठी हा भेद ग्रामसभेत समजावून सांगणे, हे सदस्यांचे कर्तव्य ठरते.

पैसा, उधारी आणि विश्वास

भिवंडीतील बहुसंख्य मागधारक स्वतःचे सूत विकत घेत नाहीत. व्यापारी सूत देतो, मागधारक मजुरीवर कापड विणून देतो आणि कच्चे कापड व्यापाऱ्याकडे जाते. विणाईचा दर पिकांवर, म्हणजे बाण्याच्या धाग्यांवर ठरतो. या साखळीत सायझिंगवाला, कांडी भरणारा, जॉबर, कामगार, टेम्पोवाला असे अनेक दुवे आहेत आणि ते बव्हंशी उधारीने जोडलेले आहेत. कामगारांचे जेवणसुद्धा याच पद्धतीने चालते. घर सोडून एकटे आलेले कामगार ‘बिशी’ नावाच्या खानावळीत दोन वेळ जेवतात आणि पगार झाल्यावर पैसे देतात. अनेक बिशा स्त्रिया चालवितात. एखाद्या महिन्यात माग बंद राहिले, तर बिशी चालविणाऱ्या बाईचा वाण्याकडील हिशेबही थकतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये मोठ्या मूल्याच्या नोटा चलनातून बाद झाल्या, तेव्हा रोखीवर चालणाऱ्या या साखळीत मजुरी देणे अवघड झाले आणि अनेक माग थांबले.

विश्वासावर चाललेल्या अर्थव्यवस्थेचे सामर्थ्य मोठे असते; मात्र विश्वासाचा गैरफायदा घेणाऱ्यालाही ती तितकीच खुली असते. सेकंड लाइफमध्ये ‘जिंको फायनान्शियल’ नावाची एक पेढी निघाली होती. ती ठेवींवर वर्षाला चाळीस टक्क्यांहून अधिक व्याज देऊ करीत असे. जुलै २००७ मध्ये कंपनीने नगरीतील जुगारावर बंदी घातली. लोक ठेवी काढण्यास धावले आणि पुढील महिन्यात पेढी बुडाली. नुकसान खऱ्या पैशात सुमारे साडेसात लाख डॉलर होते. जानेवारी २००८ मध्ये कंपनीने नियम केला की, खऱ्या जगातील बँक-नोंदणीचा पुरावा दिल्याखेरीज कोणालाही ठेवींवर व्याज देऊ करता येणार नाही. नियम योग्यच होता. पण तो ठेवीदार बुडाल्यानंतर आला.

आपल्याकडे ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी महाराष्ट्राचा १९९९ चा अधिनियम आणि केंद्राचा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा अधिनियम अस्तित्वात आहे. कायदा असूनही अवास्तव व्याजाची आमिषे खेडोपाडी पोहोचतात. इतके व्याज कोणत्या धंद्यातून निघणार, हा एकच प्रश्न शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना विचारायला शिकविले, तरी पुष्कळ कुटुंबांची पुंजी वाचेल.

हॅबिटॅटच्या चालकांनी रातोरात श्रीमंत झालेल्यांचे काय केले, हेही सांगण्याजोगे आहे. त्यांनी पैसा जप्त केला नाही. दरातील तफावत दूर केली. त्या रहिवाशांनी पुढे तोच पैसा इतरांसाठी मनोरंजक शोधमोहिमा भरविण्यात खर्च केला. चूक नियमाची असेल, तर नियम सुधारावा. नियमाच्या चौकटीत वागलेल्याला गुन्हेगार ठरवू नये, ही दृष्टी त्यामागे होती.

मोजणी व वाटणी

लोकनिर्मित वाढीत सामाईक साधनाची गळती हा नेहमीचा रोग असतो. भिवंडीतील विजेचे उदाहरण बोलके आहे. महावितरणने जानेवारी २००७ पासून भिवंडी मंडळातील वितरण व वसुलीचे काम टोरंट पॉवर या कंपनीकडे सोपविले. देशातील या स्वरूपाच्या वितरण फ्रँचायझीचा हा पहिला मोठा प्रयोग होता. त्यापूर्वी पुरविलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक विजेचे पैसे हाती येत नव्हते. रोहित्रे व वाहिन्या सुधारल्या, मीटर बदलले, वसुली कडक झाली आणि पहिल्या काही वर्षांत ही तूट विसांच्या घरात खाली आली. या काळात देयके व वसुलीच्या रीतीविषयी ग्राहकांच्या तक्रारी झाल्या, आंदोलनेही झाली. दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या पाहिजेत. मोजणीशिवाय वाटणी न्याय्य होत नाही. परंतु मोजणाऱ्यावर लोकांचा विश्वास नसेल, तर अचूक मोजणीही अन्याय वाटते.

सहभाग : दोन प्रयोग

विश्वास निर्माण करण्याचा भिवंडीतला सर्वांत मौलिक प्रयोग वस्त्रोद्योगाशी संबंधित नव्हता. १९७० आणि १९८४ या दोन वर्षी भिवंडीने भीषण जातीय दंगली पाहिल्या. पुढे १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांची पद्धत उभी केली. वस्तीवस्तीत दोन्ही समाजांतील सामान्य माणसे पोलिसांसह नियमितपणे एकत्र बसू लागली. बैठकांत चर्चा होई ती बहुधा नित्याच्या लहानसहान तक्रारींची. त्यातून ओळख वाढली, अफवेची शहानिशा करण्याचे ठिकाण निर्माण झाले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा अवघ्या काही मैलांवरील भिवंडी शांत राहिली.

आभासी नगरींनाही याच मार्गाने जावे लागले. हॅबिटॅटमध्ये चोऱ्या व मारामाऱ्या होऊ लागल्या, तेव्हा रहिवाशांनी मतदान करून आपला एक शांतता-अधिकारी निवडला. त्याला कोणते अधिकार असावेत, यावर तेथे दीर्घ वाद झाला. आइसलँडमधील सीसीपी कंपनीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या आभासी विश्वात २००८ पासून खेळाडूंनी निवडलेले एक प्रतिनिधी मंडळ कंपनीपुढे रहिवाशांची बाजू मांडते. त्याआधी २००७ मध्ये कंपनीने तेथील बाजारभाव व चलनवाढ यांचा अभ्यास करण्यासाठी एक अर्थशास्त्रज्ञ नेमला होता. सर्व अधिकार आणि सर्व यंत्रे हाती असणाऱ्या खासगी कंपनीलाही लोकांना विचारल्याशिवाय कारभार चालविता येत नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

साम्याची मर्यादा

तुलना तिच्या मर्यादेत ठेवणे आवश्यक आहे. आभासी नगरीची मालक एक कंपनी असते. ती वाटेल तेव्हा नियम बदलू शकते, नगरी बंदही करू शकते. रहिवाशाला न पटल्यास तो संगणक बंद करून उठतो. ग्रामपंचायत वा महानगरपालिका ही मात्र लोकांनी निवडलेली आणि कायद्याला बांधलेली संस्था आहे. यंत्रमाग कामगाराला आपले गाव किंवा आपली खोली अशी सहज बदलता येत नाही. पडद्यावरील घर कोसळले, तर ते पुन्हा मांडता येते. जिलानी इमारतीतील माणसे परत येणार नाहीत.

आणखी एक भेद आहे. आभासी नगरीत प्रवेश करणारा प्रत्येक जण नोंदवहीत असतो. भिवंडीत राबणाऱ्या परप्रांतीय कामगारांपैकी अनेकांचे नाव येथील मतदार यादीत नसते. वाढ घडविणारे हात आणि वाढीविषयी निर्णय घेणारे हात वेगळे असले, की धोकादायक इमारतीत राहणाऱ्याचे म्हणणे सभेपर्यंत पोहोचत नाही. अशा रहिवाशांना निदान बोलण्याची संधी देणारी वस्ती-बैठक हा मोहल्ला समितीच्या प्रयोगाचा आजच्या काळातील उपयोग ठरू शकेल.

कारभाराची सूत्रे

या साऱ्या विवेचनातून स्थानिक संस्थांसाठी काही सूत्रे निघतात.

१. नियम करण्यापूर्वी लोक काय उभारीत आहेत याची नोंद घ्यावी. हद्दीतील प्रत्येक शेड, गोदाम व निवासी इमारत यांची बांधकाम-वर्ष, वापर आणि परवानगी यांसह यादी असावी व ती दरवर्षी तपासावी.

२. नवीन नियमाला लोक कसा प्रतिसाद देतील, याचा विचार नियम करतानाच करावा. शेजारच्या गावांशी विचारविनिमय करून अटी व दर यांत एकवाक्यता आणावी.

३. परवानगीचा विचार भूखंडापुरता न करता रस्ता, पाणी, गटार व अग्निशमन यांच्या क्षमतेशी जोडावा.

४. कर आणि परवानगी यांतील भेद लेखी स्वरूपात कर-पावतीसोबत सांगावा.

५. धोकादायक इमारतीतील कुटुंबांना केवळ नोटीस न देता पर्यायी जागेचा विचार आधी करावा. जागा नसेल, तर नोटीस मिळूनही माणसे तेथेच राहतात.

६. लहान तक्रारींसाठी नियमित बैठकीची सवय लावावी. संकटकाळी हीच सवय उपयोगी पडते.

अभ्यासासाठी प्रश्न

शाळांमध्ये आणि ग्रामसभेपूर्वीच्या चर्चेत पुढील प्रश्नांचा विचार करता येईल.

(अ) आपल्या गावात गेल्या दहा वर्षांत झालेली वाढ कोणत्या सवलतीमुळे किंवा कोणत्या करामुळे झाली? ती सवलत उद्या संपली, तर काय टिकेल?

(आ) गावातील सर्वांत मोठ्या इमारतीला आग लागल्यास अग्निशमन वाहन तिच्यापर्यंत पोहोचेल काय? पाणी कोठून मिळेल?

(इ) गावात राबणाऱ्या, पण मतदार नसलेल्या लोकांचे म्हणणे ऐकण्याची कोणती सोय आहे?

(ई) घरपट्टीची पावती आणि बांधकाम परवानगी यांत काय फरक आहे? हा फरक गावातील किती कुटुंबांना माहीत आहे?

लोकांच्या उद्यमशीलतेने भिवंडीला उभे केले, यात शंका नाही. ती उद्यमशीलता न मारता तिच्या भोवतीचे जीवित सुरक्षित ठेवणे, हे स्थानिक स्वराज्य संस्थांचे काम आहे. वरील चार प्रश्नांची उत्तरे ज्या गावाला आजच देता येतील, त्या गावाला उद्याच्या वाढीचे भय बाळगण्याचे कारण उरणार नाही.